'बर्ड' बघितला, चार्ली पार्करबद्दल विचारायचंय

रात्रवाचक: काल क्लिंट ईस्टवूडचा 'बर्ड' (1988) बघितला, जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवरचा सिनेमा, नंतर झोपच लागली नाही. पार्करच्या भूमिकेत फॉरेस्ट व्हिटेकरने काय काम केलंय! पण कथा सारखी मागेपुढे जाते त्यात माझा गोंधळ उडाला. सॅक्सोफोन नक्की कोण वाजवतंय, आणि ती झांज फेकतात ते खरंच घडलेलं का?

सूरवेडी: सॅक्सोफोन खुद्द पार्करचाच आहे रे. जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याचे सोलो वेगळे काढले आणि साथ नव्या वादकांकडून परत वाजवून घेतली, साउंडचं ऑस्कर मिळालं ते त्यामुळेच. झांजेचा किस्सा 1936 चा, कॅन्सस सिटीतला. पार्कर तेव्हा जेमतेम पंधरा-सोळाचा पोरगा, जॅममध्ये (वादक जमून आयत्या वेळी वाजवतात त्या बैठकीत) वाजवता वाजवता चुकला आणि ड्रमर जो जोन्सने झांज त्याच्या पायाशी टाकली. सिनेमात ती हवेत भिरभिरते, तेवढी भर दिग्दर्शकाची.

जुनाश्रोता: मुलगी वारल्यावर पार्कर त्याच्या जोडीदाराला, चॅनला, तारांवर तारा पाठवतो ना, तो सीन मला आजही बघवत नाही. 1955 मध्ये गेला तेव्हा फक्त 34 वर्षांचा होता आणि तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशीच्या पुढचा वाटला, हेरॉइन आणि दारूने शरीराची पार वाट लावलेली. पण माझी तक्रार आहेच, सिनेमा व्यसनात इतका रमतो की त्या झांजेनंतर पोराने जो वेड्यासारखा रियाज केला तो दिसतच नाही, बीबॉप, म्हणजे त्याने घडवलेली जॅझची ती वेगवान शैली, काय आभाळातून पडली का?

रात्रवाचक: हे पटलं. आज रात्री त्याची 'को-को' ऐकतो, 1945 ची.