मोटरसायकलला परवडणारं जीपीएस : तुम्ही काय लावलंय? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात ठाणापाड्याच्या पुढे चुकलो. हर्सूलपर्यंत सगळं झकास होतं. नंतर रेंज गेली आणि फोनवर निळा ठिपका तेवढा राहिला. ठिपका बरोबर जागी होता, पण त्याच्याखाली रस्ता नाही, गाव नाही, नुसता करडा कागद. ठिपका म्हणतोय मी इथे आहे, आणि मी म्हणतोय इथे म्हणजे कुठे?

मोळी घेऊन चाललेल्या एका आजींनी वाट दाखवली म्हणून घरी आलो. दुसऱ्या दिवशी आपल्या नाशिकच्या एम.जी. रोडला जाऊन तीन दुकानांत ‘बाइकसाठी जीपीएस आहे का’ विचारलं. तिन्ही दुकानांत पुढे आला तो ट्रॅकर. सिम टाकायचं, सीटखाली लपवायचा, गाडी चोरीला गेली की शोधायची. अहो, मला रस्ता शोधायचाय, गाडी माझ्या बुडाखालीच आहे! खास मोटरसायकलसाठीचं गार्मिन झुमो इंटरनेटवर पाहिलं आणि किंमत वाचून गप्प बसलो. तेवढ्यात माझ्या गाडीसारखी जुनी युनिकॉर्न घरी येईल.

बजेट आठ हजार. तुमचे अनुभव सांगा. गाडी कोणती, काय लावलंय आणि पावसात त्याचं काय झालं, हे जरूर लिहा.

सिडको, स्प्लेंडर

मी डिलिव्हरी करतो, दिवसाचे दहा तास फोन हँडललाच. पहिला होल्डर दीडशेचा, प्लास्टिकचा. द्वारका चौकातल्या खड्ड्यात फोन उडाला आणि मागून टेम्पो आला. पुढचं सांगायला नको. आता ॲल्युमिनियमचा वापरतो, चारही कोपरे धरतो आणि स्क्रूनं आवळता येतो. साडेआठशेला पडला, दोन वर्षं हलला नाही.

पावसाचं मात्र जमलेलं नाही भो. पारदर्शक पाकिटावर थेंब पडला की फोनला ते बोट वाटतं. एकदा गंगापूर रोडला सिग्नलवर उभा होतो, फोननं आपलं आपणच माझ्या सासऱ्यांना कॉल लावला. आणि उन्हाळ्यात त्याच पाकिटात फोन इतका तापतो की स्क्रीन आपोआप मंद होते. मे महिन्यात दुपारी नकाशा वाचायला मी झाडाखाली थांबतो. सध्या पावसात फोन खिशात आणि एका कानात इयरफोन. डावीकडे, उजवीकडे तेवढं ऐकतो.

नाशिक रोड, बुलेट ३५०

सिडकोवाल्या दादा, ते इयरफोनचं जपून. मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

माझं दुखणं वेगळं. नवा फोन चार महिने हँडलला लावला आणि त्याचा कॅमेरा थरथरायला लागला. फोटो काढताना समोरचा माणूस पाण्यात उभा असल्यासारखा दिसायचा. दुरुस्तीवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘बुलेट आहे का?’ कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी बारीक यंत्रणा असते, इंजिनाच्या सततच्या कंपनानं ती बिघडते. ॲपलनं तर सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना तसं लेखीच कळवलं होतं. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, पण इंजिनाला काय त्याचं!

मग मुलीचा जुना फोन कपाटातून काढला. बॅटरी नवी टाकली, सिम काढलं, घरच्या वायफायवर ऑर्गॅनिक मॅप्स हे नेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप घेऊन महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवला. जीपीएसला सिमही लागत नाही आणि नेटही, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. उपग्रह बोलतात, फोन नुसता ऐकतो. नेट लागतं ते नकाशा आणायला. तो आधीच फोनमध्ये असला की ठाणापाडा काय नि घाटघर काय!

एक खोड आहे. नेट नसेल तर सकाळी पहिल्यांदा जागा सापडायला त्याला वेळ लागतो, कारण कोणता उपग्रह कुठे आहे ही माहितीही त्याला आकाशातूनच हळूहळू गोळा करावी लागते. म्हणून मी तो गच्चीच्या कठड्यावर ठेवतो आणि चहा घेतो. कप रिकामा होईपर्यंत ठिपका आलेला असतो.

गंगापूर रोड, ॲक्टिव्हा आणि कधीमधी ॲव्हेंजर

निवृत्त माणूस, किल्ल्यांचं वेड. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स वापरतो. ओळखीच्या ट्रेकरकडून साडेसहा हजारांत जुनं घेतलं, हँडलची पकड वेगळी विकत घ्यावी लागली. हे मुळात पायी फिरणाऱ्यांचं यंत्र. दोन पेन्सिल सेल घातले की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास चालतं. मला दोन रविवार पुरतात. १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल असं त्याचं मानांकन आहे, त्यामुळे श्रावणात त्याला टोपडं घालावं लागत नाही. बटणं असल्यानं हातमोजे काढायला नकोत. आणि ज्या उन्हात फोनचा आरसा होतो, त्या उन्हात हा पडदा जास्त स्वच्छ दिसतो.

आता उणं. पडदा २.२ इंची. माझ्या चष्म्यातून तो पाहायचा म्हणजे गाडी बाजूला घ्यावीच लागते. बोलत नाही. कॉलेज रोडवरचा एखादा दवाखाना शोधायचा तर उपयोग शून्य. मी घरी लॅपटॉपवर रस्ता आखतो, त्याची जीपीएक्स फाइल (आखलेली वाट साठवलेली फाइल) यंत्रात टाकतो आणि त्या रेघेवरून जातो. हरिहरला निरगुडपाड्यापर्यंत असाच गेलो. अंधारात परतताना आलो त्याच रेघेवरून मागे आलो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ओपन स्ट्रीट मॅपचे, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेले नकाशे त्यात फुकट टाकता येतात, पण पहिल्या वेळी अख्खी संध्याकाळ गेली माझी.

इंदिरानगर, मिटिओर ३५०

माझ्या गाडीला कंपनीचाच ट्रिपर आहे, तो वाट दाखवणारा छोटा गोल पडदा. २०२० मध्ये मिटिओर आली तेव्हा त्याचं केवढं कौतुक होतं! दिसतो फक्त बाण आणि किती मीटरवर वळायचं ते. मला हे आवडतं. नकाशा दिसला की माणूस नकाशाच बघत बसतो. पण लोकांना वाटतं तो स्वतंत्र जीपीएस आहे. तसं नाही, सगळं डोकं खिशातल्या फोनचं. फोन संपला की ट्रिपरचं घड्याळ होतं.

सापुताऱ्याला जाताना वणीच्या पुढे असंच घड्याळ झालं. तेव्हापासून टाकीवर मास्किंग टेपची पट्टी लावते आणि स्केचपेननं लिहिते : दिंडोरी, वणी, बोरगाव, सापुतारा. खर्च पंधरा रुपये. पाऊस आला की शाई ओघळते, तोवर बोरगाव आलेलं असतं. काका, तुमच्या ईट्रेक्सला माझ्या टेपची टक्कर आहे.

घोटी, शाइन

यंत्र कुठलंही घ्या, त्यात गाडीचं चिन्ह कुठलं निवडलंय ते आधी पाहा. आईला मागे बसवून इगतपुरीहून शिर्डीला निघालो. नकाशा कारवरच राहिलेला. त्यानं गुपचूप भरवीरला समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. तिथला माणूस म्हणाला, ‘दादा, दुचाकीला बंदी आहे. मागं फिरा.’ ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आपल्याला एकही किलोमीटर नाही. परत घोटी, मग सिन्नरचा रस्ता. आई पूर्ण वाट एवढंच म्हणत होती की मी म्हटलं होतं एसटीनं जाऊ.

गूगलनं दुचाकीचा पर्याय भारतात डिसेंबर २०१७ मध्येच दिलाय. तो लावला. पुढच्या खेपेला त्यानं जवळची वाट म्हणून द्राक्षबागेच्या बांधावर घातलं. जुलै महिना. चिखल इतका की चाक फिरेना. कारवाला नकाशा टोलवर सोडतो, दुचाकीवाला शेतात.

सातपूर, गॅरेजवाला

सगळे स्क्रीनचं बोलतात, वायरचं कोणी बोलत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निम्मे चार्जर थेट बॅटरीवर मारलेले असतात. चावी बंद केली तरी तो थोडी थोडी वीज पीत राहतो. आठवडाभर गाडी उभी राहिली की स्टार्टर मारता येत नाही, आणि हल्ली बऱ्याच गाड्यांना किकच नाही. इग्निशनच्या वायरवर रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) बसवा, म्हणजे चावीबरोबर चार्जर बंद. बॅटरीपाशी फ्यूज हवाच. हेडलाइटच्या वायरला ब्लेडनं सोलून जोड मारून देणाऱ्याकडे जाऊ नका, वायर जळाली की तो फोन उचलत नाही.

चार्जर दोन ॲम्पिअरचा तरी घ्या. एक ॲम्पिअरवर नकाशा चालू असताना फोन चार्ज होण्याऐवजी हळूहळू उतरतोच. आणि केबल होल्डरकडे सरळ ताणून नेऊ नका, खाली झोळ द्या. पाणी वायरीवरून घसरत येतं, झोळाच्या तळाशी गळून जातं, फोनच्या भोकापर्यंत चढत नाही. फुकटचा उपाय आहे, कोणी करत नाही.

पाथर्डी फाटा, एफझेड

मी नेटवरून पाच इंची कारप्लेवाली, म्हणजे फोनवरचा नकाशा दाखवणारी स्क्रीन मागवली, सहा हजारांची, कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. फोन खिशात राहतो, एवढं बरं. पण माझ्या स्क्रीनमध्ये जीपीएस नाहीच, तो फोनचाच. दुपारी फिकट. आणि पहिल्याच पावसात कसारा घाट उतरेपर्यंत काचेच्या आतून धुकं आलं. चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली. धुकं गेलं, टचही गेला. बायको तांदूळ निवडताना अजून टोमणा मारते.

पुन्हा मी, युनिकॉर्नवाला

मंडळी, ऐकलं तुमचं. भावाचा पडून असलेला फोन घेतला, बॅटरी बाराशे. ॲल्युमिनियमचा होल्डर आणि त्याखाली रबराचा धक्काशोषक मिळून चौदाशे. चार्जर, रिले, फ्यूज, मजुरी धरून नऊशे. वायर काढताना मी शेजारी उभा राहिलो आणि झोळ द्यायला लावला.

रविवारी मुद्दाम ठाणापाड्याला गेलो. रेंज गेली तरी नकाशा जागच्या जागी. आजींनी दाखवलेली वाट मात्र त्यात नव्हतीच. मुख्य रस्ता होता, पाड्यावरची चढण नव्हती. गाडी बाजूला घेऊन ती वाट खुणेची टाचणी टोचून नोंदवून ठेवली.

पुढचा बेत मोखाड्यावरून जव्हार. ईट्रेक्सवाले काका, तुमच्याकडे तिकडची जीपीएक्स फाइल आहे का? आणि इंदिरानगरच्या ताई, टेप कुठल्या रुंदीची घेता?