एकच मीटिंग पुढे ढकलली की दोन-दोन दिसतात, का?

नवा_अ‍ॅडमिन: ऑफिसचा जुना कॅलेंडर सर्व्हर काढून नवीन बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दर आठवड्याच्या मीटिंगमधली एखादी पुढे ढकललेली असेल तर डेटा हलवल्यावर जुनी वेळ पण दिसते नि नवी पण. एवढी वर्षं हे सॉफ्टवेअर चालतंय, मग साधी मीटिंग नीट का हलत नाही? आधीपासून असंच आहे का?

टर्मिनलवाला: आधी नव्हतं. ८० च्या दशकात आयबीएमचं प्रॉफ्स (ऑफिसचं मेल-कॅलेंडर) मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं, सगळे टर्मिनलवरून एकच डेटा बघायचे, भानगडच नाही. मग पीसी आले नि मीटिंग मेकर, शेड्यूल प्लस, लोटस नोट्स, ज्याचं त्याचं कॅलेंडर वेगळं, एकाचं आमंत्रण दुसऱ्याला वाचताच यायचं नाही. १९९८ ला आयकॅलेंडर हा सगळ्यांसाठीचा एकच फॉरमॅट आला (आरएफसी २४४५, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आणि आमंत्रण मेलने कुठेही जायला लागलं, पण त्याचा अर्थ असा की प्रत्येकाकडे मीटिंगची आपली आपली कॉपी, आणि वेळ बदलली की प्रत्येक कॉपीला निरोप धाडा. मीटिंग तीच आहे हे फक्त यूआयडीवरून, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकावरून कळतं. हलवताना तुमचे यूआयडी बदलले असणार, बघा.

रात्रपाळी: यूआयडी बदलले असते तर अख्खी मालिकाच डबल झाली असती ना! यांची फक्त ढकललेली मीटिंग डबल होतेय, म्हणजे रिकरन्स-आयडी बघा. ढकललेल्या मीटिंगच्या नोंदीत या नावाखाली तिची मूळ वेळ लिहिलेली असते, सर्व्हर ती मालिकेशी जुळवून जुनी लपवतो. टाइमझोनच्या गोंधळात तासाभराचा फरक पडला की जुळत नाही, मग दोन्ही दिसतात. अमेरिकेत उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करतात, २००७ ला त्यांनी ती तारीख अलीकडे आणली तेव्हा आधीच टाकून ठेवलेल्या मीटिंगा तासाने सरकल्या होत्या, मायक्रोसॉफ्टला एक्स्चेंज या आपल्या मेल-कॅलेंडर सर्व्हरसाठी वेगळं टूल द्यावं लागलं होतं.

टर्मिनलवाला: बरोबर, हे सुचलंच नाही.

नवा_अ‍ॅडमिन: बघितलं! मालिकेत टाइमझोनचं नाव आहे पण रिकरन्स-आयडी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आणि एक्सपोर्ट करणाऱ्या स्क्रिप्टने घड्याळ पुढे असतानाचा तास धरलेलाच नाही 🤦 एक प्रश्न, नवीन सर्व्हर कॅलडॅव्हवाला आहे (कॅलेंडर सर्व्हरवरच ठेवून तिथूनच वाचायचं-बदलायचं), तिथे तरी ही मेलच्या निरोपांची कटकट सुटते का?

रात्रपाळी: ऑफिसातल्या ऑफिसात बऱ्यापैकी. कॅलडॅव्ह २००७ चं, पण आमंत्रणं सर्व्हरनेच वाटायची हे त्यात २०१२ ला आलं (आरएफसी ६६३८), तेव्हा तुमच्या सर्व्हरला ते येतं का ते आधी तपासा. बाहेरच्यांना अजूनही मेलच.