शब्दचर्चा: 'इंटिग्रेशन'ला काय म्हणावे? एकात्मता, समावेशन, की मिसळणे?

पदच्छेद
निवासी संकुलांसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शक पुस्तिकेचा मराठी अनुवाद करतो आहे. वेगवेगळ्या भाषांचे, धर्मांचे, चालीरीतींचे लोक एकाच आवारात राहायला आले तर ओळखीपाळखी कशा वाढवायच्या, सभा कशा घ्यायच्या, तक्रारी कशा मिटवायच्या, असा विषय. बाकी सगळे झाले, पण तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यावर अडलो आहे: 'इंटिग्रेशन म्हणजे असिमिलेशन नव्हे.' म्हणजे, इतरांत मिसळणे वेगळे आणि स्वतःची रीत सोडून त्यांच्यासारखेच होऊन जाणे वेगळे.
पहिल्या खर्ड्यात 'एकात्मता म्हणजे एकरूपता नव्हे' असे केले. तपासणाऱ्यांचा शेरा आला की वाचकाला दोन्ही शब्द एकच वाटतील. मग 'समावेशन म्हणजे सात्मीकरण नव्हे' केले. त्यावर शेरा: 'सात्मीकरण' पचनसंस्थेच्या धड्यातले आहे, इथे कळणार नाही. प्रकरणाचे शीर्षकही 'सामुदायिक एकात्मता' असे ठेवले होते, तेही आता खटकते आहे. काय सुचवाल?

मात्रा
'एकात्मता' नको. या शब्दावर आधीच तीन ओझी आहेत. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत 'राष्ट्राची एकता'ला 'आणि एकात्मता' जोडले गेले, तिथे तो 'इंटेग्रिटी'साठी, म्हणजे अखंडत्वासाठी आहे. 'राष्ट्रीय एकात्मता' म्हणतो तेव्हा तोच 'इंटिग्रेशन'साठी असतो. आणि 1975 पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अर्थ तिसराच: सुट्या सेवांची जोडणी.
शिवाय फोड पाहा, एक आत्मा. संकुलातल्या माणसांनी एक आत्मा व्हावे असे पुस्तिका कुठे म्हणते? जिन्यात भेटल्यावर दोन शब्द बोलावेत, पाण्याच्या टाकीचा निर्णय सगळ्यांनी बसून घ्यावा, इतकेच तिचे मागणे दिसते.

अव्यय
मात्रा, फोड करून शब्द बाद करायचे ठरवले तर कोशात फारसे काही उरणार नाही. मूळ शब्दाची फोडही तशीच आहे. लॅटिनमध्ये 'इन्टेगेर' म्हणजे न स्पर्शिलेला, न तुटलेला, सबंध. गणितातला 'पूर्णांक' त्याच शब्दाचा अनुवाद. अनेकांचे मिळून एक सबंध होणे हाच 'इंटिग्रेशन'चा गाभा, आणि 'एकात्मता' तो नेमका सांगते. शब्द रुळलेला आहे, तो मोडून नवा घडवण्याचे कारण दिसत नाही.

उंबरठा
इतके जड शब्द कशाला? 'सामावून घेणे' हा अस्सल मराठी प्रयोग आहे. 'नव्या रहिवाशांना सामावून घेणे' म्हटले की घराघरात कळते.

अव्यय
'सामावणे' हे 'समावेश'चेच घरगुती रूप. मग 'समावेशन' काय वाईट?

मात्रा
नाही, इथे गल्लत होते आहे. 'सामावणे'च्या मुळाशी 'मा' धातू आहे, मापणे. 'मावणे' त्यातलेच: भांड्यात पाणी मावते, पिशवीत सामान मावते. 'समावेश'मध्ये 'विश्' आहे, आत शिरणे. 'प्रवेश', 'निवेश' हे त्याचे भाऊ. संस्कृतात शेजाऱ्याला 'प्रतिवेशी' म्हणतात, तोही याच धातूचा. दोन्ही शब्दांत 'स' आणि 'व' ऐकू येतात म्हणून ते एक कुळाचे ठरत नाहीत.
आणि हा फरक पदच्छेद यांच्या वाक्यापुरता फार मोलाचा आहे. 'सामावून घेणे' म्हटले की भांडे ठरलेले असते. त्याचा आकार बदलत नाही, आत येणाऱ्याने मावायचे असते. शिवाय 'घेणे' आले की घेणारा कोण हेही ठरले: आधीपासून राहणारे घेणार, नवे घेतले जाणार. वाक्याची रचनाच यजमान आणि पाहुणा तयार करते. दहा वर्षे तिथे राहूनही माणूस 'सामावून घेतलेला'च राहतो.

उंबरठा
हे पटले. मग 'सलोखा'? 'आवारातील सलोखा' हे शीर्षक सोपे आणि उबदार आहे.

मात्रा
जुन्या कागदपत्रांत 'सलूख' म्हणजे तह. आजही 'सलोखा' म्हटले की आधी बिघाड झाला होता किंवा होण्याची भीती आहे असे सुचते. बातमीत 'सलोखा राखा' हे आवाहन कधी येते, ते आठवा. नुकत्याच राहायला आलेल्या कुटुंबाच्या हातात 'सलोखा पत्रिका' दिली तर पहिला प्रश्न येईल, इथे भांडण कसले आहे?

सभाकामकाज
शब्द ठरवण्याआधी तो कुठल्या कामाला लावायचा आहे ते पाहू. तुमच्या वाक्यातला फरक कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीशी थेट जुळतो. ते दोनच प्रश्न विचारतात. माणूस आपली मूळ भाषा, रीत टिकवतो का? आणि इतरांशी संबंध ठेवतो का? दोन्ही 'हो' तर इंटिग्रेशन. रीत सोडली पण संबंध ठेवले तर असिमिलेशन. रीत टिकवली पण संबंध नाहीत तर अलगपणा. दोन्ही नाहीत तर माणूस कडेला पडतो. म्हणजे मराठी जोडी अशी हवी की पहिल्या शब्दात माणूस स्वतःसारखा राहिलेला दिसेल आणि दुसऱ्यात तो उरलेला दिसणार नाही. 'मिसळणे' आणि 'विरघळणे' ही जोडी हे करते. 'इतरांत मिसळायचे म्हणजे विरघळून जायचे नव्हे.' 'सात्मीकरण' अर्थाने अगदी बरोबर आहे, कारण पचलेले अन्न अन्न राहत नाही, पण तपासणाऱ्यांचा आक्षेपही खरा आहे.
'एकात्म' आणि 'समावेशक' यांच्या बाबतीत एक सावधगिरी. शिक्षणक्षेत्रात ते शब्द वाटून घेतलेले आहेत. 'अपंग एकात्म शिक्षण'मध्ये मूल आहे त्या शाळेत बसवले जाते. 'समावेशक शिक्षण'मध्ये शाळा स्वतःला बदलते. त्या क्षेत्रातला वाचक 'एकात्मता' वाचताना तोच अर्थ घेऊन येईल, आणि तुमच्या वाक्याचा अर्थ उलटा होईल.

अव्यय
'मिसळणे' क्रियापद म्हणून ठीक. शीर्षकाला, शासकीय पत्राला, अहवालाला नाम लागते. 'मिसळण' लिहिणार का?

सभाकामकाज
नाम लागतेच असे नाही. 'मिळून राहताना', 'एकमेकांत मिसळताना' ही शीर्षके चालतात. भाववाचक नाम आले की करणारा गायब होतो. 'संवादवृद्धी करण्यात यावी' यातून कोणी काय करायचे ते कळत नाही, म्हणून कोणीच काही करत नाही. 'प्रत्येक मजल्यावरच्या दोघांनी नव्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात भेटावे' हे करता येते.
'दोघांनी' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. एकच माणूस गेला की ती व्यक्तिगत ओळख होते आणि तो गावाला गेला की धागा तुटतो. चार-पाच गेले की चौकशी समिती आल्यासारखे वाटते.

उंबरठा
आणि 'सामुदायिक'? बोलताना 'आमचा समाज', 'आमचा समुदाय' म्हणजे बहुधा जात किंवा पंथ. 'सामुदायिक एकात्मता' वाचून एखाद्याला वाटेल, आपापल्या समाजाची एकजूट करा असे सांगताहेत. पुस्तिकेला नेमके त्याच्या उलट सांगायचे आहे.

मात्रा
अगदी बरोबर. 'वस्ती' म्हणावे तर तिला गरिबीची छटा, 'वसाहत' म्हणावे तर मागे 'वसाहतवाद' उभा. 'शेजार' सगळ्यांत निर्मळ. 'शेजारपण', 'शेजारधर्म' हे शब्द दोन्ही बाजूंना सारखे लागू होतात. मी तुमचा शेजारी असेन तर तुम्ही माझे असताच. यजमान-पाहुण्याचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

उंबरठा
शेज म्हणजे अंथरूण. ज्याची शेज आपल्या लगत तो शेजारी, असे मला वाटते.

अव्यय
ध्वनी जुळतो, तेवढ्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. मधली रूपे दाखवावी लागतात. आणि 'शेजारधर्म'मध्ये 'धर्म' आहे. अनेक धर्मांच्या लोकांसाठीच्या पुस्तिकेत तो चालेल का, याचाही विचार करा.

मात्रा
तिथे धर्म म्हणजे कर्तव्य, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

अव्यय
मराठी मातृभाषा असलेल्याला नाही. पण ही पुस्तिका मराठी नुकती शिकलेलेही वाचणार ना?

सभाकामकाज
हा मुद्दा सगळ्यांत कळीचा आहे. शब्द आपल्याला कसा वाटतो यापेक्षा तो कसा ऐकला जातो ते पाहावे लागते. त्यासाठी साधी चाचणी आहे. मसुदा मराठी मातृभाषा नसलेल्या पाच जणांना द्यावा, शक्यतो पाच वेगळ्या भाषांच्या. 'कळले का' असे विचारू नये. सगळे 'हो' म्हणतात. 'यात तुम्हाला काय करायला सांगितले आहे?' असे विचारावे आणि उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. दोघेजण एकाच जागी अडखळले तर ते वाक्य बदलायचे. दुसरा मार्ग उलट अनुवादाचा: मूळ न पाहिलेल्या माणसाने मराठीतून परत मूळ भाषेत आणायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे.
वाक्ये बारा ते पंधरा शब्दांची, एका वाक्यात एकच सूचना. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने लांब वाक्यात 'करावे' की 'करू नये' हे अगदी टोकाला कळते. नवशिका वाचक तिथवर पोचतोच असे नाही. म्हणून 'करू नये' अशी सूचना वेगळ्या ओळीत द्यावी.

पदच्छेद
हे फार उपयोगी आहे. सूचनाफलकांचा एक नमुनाही पुस्तिकेत आहे: 'आम्ही आपले स्वागत करतो. आपण कचरा वेगळा करावा. आपण रात्री शांतता राखावी.' यात काही खटकते का?

मात्रा
खूप खटकते, आणि खटकणारा शब्द सगळ्यांत लहान आहे. मराठीत 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि 'आपण' म्हणजे तुम्हीही आणि आम्हीही. इतका मोलाचा भेद भाषेत तयार असताना या फलकाने पहिल्याच शब्दात नव्या माणसाला बाहेर उभे केले. पुढे 'आपण' आले, पण ते आदरार्थी 'तुम्ही' आहे. 'आपण कचरा वेगळा करावा' म्हणजे तुम्ही करा. तेच 'आपण कचरा वेगळा करू या' असे लिहिले तर सगळे आत येतात. 'आपण' दोन्हीकडे तोच, अर्थ क्रियापदाच्या रूपाने फिरला.

अव्यय
'करू या' ही फलकाची भाषा नव्हे. नियम हा नियम असतो. सगळेच गोड केले तर नियम आहे की विनंती, हेच कळणार नाही.

मात्रा
मग 'कचरा वेगळा करायचा आहे' लिहा. कर्ता नको, नियम राहतो, कोणी वगळलेही जात नाही.

सभाकामकाज
'आम्ही-आपण'चा घोळ उलट दिशेनेही होतो. तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्', तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु', मलयाळममध्ये 'नम्मळ्' आणि 'ञङ्ङळ्', गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' असा हाच भेद आहे (प्रत्येक जोडीत आधी 'आपण', मग 'आम्ही'), त्यामुळे त्या भाषकांना तो लगेच उमगतो. हिंदीत सगळ्याला 'हम', बंगालीत 'आमरा', कन्नडमध्ये 'नावु'. या भाषांतून आलेला माणूस मराठीत बहुधा सगळीकडे 'आम्ही' वापरतो. सभेत तो म्हणतो, 'आम्ही जिना रंगवला पाहिजे.' त्याच्या मनात सगळे असतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे त्यांच्या गटाचे वेगळे बोलताहेत. अशा वेळी सभा चालवणाऱ्याने न टोकता तेच वाक्य 'आपण'ने परत म्हणावे: 'म्हणजे आपण सगळ्यांनी जिना रंगवायचा, बरोबर?' गैरसमज तिथेच मिटतो, आणि बोलणाऱ्याची भाषा सुधारल्यासारखेही दिसत नाही.

उंबरठा
पुस्तिकेत सभेबद्दल हे आहे का, पदच्छेद? दुभाष्यांबद्दल काय लिहिले आहे?

पदच्छेद
'आवश्यकतेनुसार दुभाषी उपलब्ध करावा' एवढेच.

सभाकामकाज
पुरेसे नाही. बोलणारा थांबेल, मग दुभाषी सांगेल, अशा पद्धतीने वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. चाळीस मिनिटांची सभा ऐंशीवर जाते, म्हणून विषय तीनच ठेवावेत. बोलणाऱ्याने दोन-तीन वाक्यांनी थांबायचे. कानाशी कुजबुजत सोबतच अनुवाद करणारा असेल तर वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलावा. त्यानंतर तो दमतो आणि वाक्ये गळू लागतात. मुलांना दुभाषी करू नये, हे ठळक लिहा. मूल आईवडिलांना बोचणारे वाक्य मऊ करते किंवा गाळते, आणि घरातली वडीलकीची घडीही विस्कटते.
आणि तिसऱ्या प्रकरणात वर्षातून एकदा 'संस्कृती दिवस' सुचवला असेल तर त्याला जोड द्या. अशा कार्यक्रमात एक गट मंचावर आणि बाकीचे प्रेक्षक; शेजारी म्हणून कोणी कोणाशी बोलत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये गटागटांतला दुरावा कमी करणाऱ्या संपर्काच्या चार अटी सांगितल्या: सारखा दर्जा, एकच उद्दिष्ट, परस्परांवर अवलंबून असलेले काम आणि अधिकारपदावरच्यांचा पाठिंबा. महिन्यातून दोनदा सहा ते आठ जणांनी मिळून बाग किंवा वाचनकोपरा सांभाळणे या अटींत बसते. गटात एका भाषेचे किमान दोघे असावेत. एकटा असला की त्याला सतत 'तुमच्याकडे कसे असते?' असे विचारले जाते आणि तो आपल्या संस्कृतीचा प्रवक्ता होऊन बसतो. एकाच भाषेचे चार-पाच झाले की त्यांचे बोलणे आपापसात वळते.

अव्यय
'प्रवक्ता' वरून आठवले. पुस्तिकेत 'विविध सांस्कृतिक पार्श्वभूमीचे रहिवासी' असेल, नक्की. 'पार्श्व' म्हणजे कूस, बाजू. माणसाच्या बाजूला भूमी कशी असेल? 'वेगवेगळ्या रीतीभातींत वाढलेले' लिहावे.

मात्रा
'पार्श्वभूमी' रुळलेला शब्द आहे, अव्यय. 'एकात्मता'साठी तुम्ही वर रुळलेपणाचीच बाजू घेतली होती.

अव्यय
तिथे पर्याय अधुरे होते. इथे पूर्ण पर्याय आहे, आणि तो वाचताना माणूस दिसतो.

पदच्छेद
पुस्तिकेत तेच शब्द आहेत, अकरा ठिकाणी. सध्याचा मसुदा असा: 'एकमेकांत मिसळायचे म्हणजे आपली रीत सोडायची असे नव्हे.' 'विरघळणे' वगळले, कारण कोरड्या सूचनांच्या पुस्तिकेत ते एकटेच रूपक उरत होते. शीर्षक अजून ठरलेले नाही.

उंबरठा
या वाक्यातले 'आपली' कोणाची? माझी, की सगळ्यांची मिळून एक?

मात्रा
'आपापली' करा.

सभाकामकाज
'आपापली' मराठी नुकती शिकलेल्यांना अवघड जाते. जोडलेला 'आप-आप' चुकून छापल्यासारखा वाटतो. 'स्वतःची रीत' करून पाहा, आणि दोन्ही वाक्ये त्या पाच जणांकडे पाठवा. त्यांत एक कन्नड आणि एक तमिळ मातृभाषेचा असू द्या.