‘हिणकस’ नाणं नेमकं कोणतं?

प्रश्न
दुसऱ्या महायुद्धातल्या नाण्यांवर लिहिते आहे. १९४० चा रुपया, भोकाचा पैसा आणि १९४७ चा निकेलचा रुपया, तिन्हींना ‘हिणकस’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर
तिन्हींना नको. ‘हिणकस’ आज आपण विनोदापासून वागणुकीपर्यंत कशालाही लावतो, पण तो सराफकट्ट्यावरचा शब्द आहे. हीण म्हणजे सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू. कस म्हणजे कसोटीच्या दगडावर घासल्यावर दिसणारी शुद्धता. ‘बावनकशी’तला कस तोच.

१९४० च्या रुपयाला हा शब्द चपखल बसतो. आधी रुपयात १२ पैकी ११ भाग चांदी असे. युद्धात ती निम्म्यावर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच, एक तोळा (११.६६ ग्रॅम). म्हणजे तराजूत जुना-नवा सारखाच भरायचा, फरक होता तो कसात. म्हणूनच लोकांनी जुने रुपये दाबून ठेवले आणि नवे तेवढे बाजारात फिरवले. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारने जून १९४० मध्येच गुन्हा ठरवलं होतं, आणि पुढे राणीछाप रुपये चलनातून काढून घेतले. आपल्याकडे नाणी पारखणारा पोतदार दरबारी नेमलेला असे, तो याचसाठी. आज ते नुसतं आडनाव उरलंय.

प्रश्न
मग भोकाच्या पैशाला काय म्हणू?

उत्तर
हलका. १९४३ ते ४७ या काळातला हा पैसाही कांस्याचाच. धातू वाचवायला मधोमध मोठं भोक पाडलं आणि पावणेपाच ग्रॅमच्या वर असलेलं वजन दोनेक ग्रॅमवर आणलं. इथे वजन गेलंय. हीण मिसळण्याचा प्रश्नच नाही, कारण पैशाची किंमत त्यातल्या धातूवर ठरत नव्हती.

आणखी एक उत्तर
सहमत. १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा. त्यात चांदीच नाही, मग हीण कशातलं शोधणार? त्याला ‘निकेलचा रुपया’ असंच लिहा. आणि त्याच टंचाईत बिकानेर, जुनागढसारख्या संस्थानांनी सुट्या पैशांऐवजी छापील कुपनं काढली, त्यांना कृपया ‘नाणी’ म्हणू नका. लेखात त्यांचा उल्लेख मात्र हवाच. मोड मिळेनाशी झाली होती, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.