जर्मनीत उभ्याउभ्या काय खाल्लंत? (अनुभव धागा)

किसणीवाली:
आज संकष्टी. उपासाच्या थालीपिठाला बटाटे किसले, तव्यावर कडा करपायला लागल्या आणि त्या वासासरशी मी थेट कोलोनला. डिसेंबर २०११, कॅथीड्रलसमोरचा ख्रिसमस बाजार, बोटं बधिर. राइबकूखेन घेतले होते. किसलेला कच्चा बटाटा, कांदा, अंडं, थोडं पीठ, भरपूर तेलात तळलेलं. कागदी बशीत तीन, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. तळलेल्या बटाट्याला सफरचंद?? तोंड वाकडं करतच पहिला घास घेतला. शेवटी नवऱ्याच्या बशीतला लगदाही पुसून खाल्ला.
तुम्ही काय खाल्लंत, लिहा. मी तवा बघते.

बंड्या_बर्लिनकर:
"मिट ओडर ओने?" बाई विचारतायत, मागे रांग. मला वाटलं कांद्याचं विचारतायत. म्हटलं, मिट. निघालं दार्म, म्हणजे आतडं! सॉसेज सालीसकट की सालीशिवाय, एवढाच प्रश्न होता. करीवुर्स्ट म्हणजे काहीतरी रस्सा येईल अशी आशा. आले सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा सॉस आणि भुरभुरलेली पिवळी करी पावडर. पण थंडीत बरं लागतं हो. हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंनी ४ सप्टेंबर १९४९ ला बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या टपरीवर पहिल्यांदा केलं म्हणतात, कांटश्ट्रासवर त्यांच्या नावाची पाटीही आहे. आपल्या वडापावाला पाटी कधी?

दादरची_मी:
लावली की दुसऱ्या दिवशी शेजारी चार पाट्या लागतील, "हाच खरा पहिला" म्हणून 😂

बंड्या_बर्लिनकर:
तिकडेही तेच. हॅम्बुर्गवाले म्हणतात करीवुर्स्ट मूळ आमचं.

वरणभात:
मी शुद्ध शाकाहारी. म्युनिक, दुसराच दिवस. केझ म्हणजे चीज एवढं जर्मन येत होतं, त्या जोरावर लेबरकेझ मागितलं. पावात जाड गुलाबी काप, कडेने खरपूस. अर्धं संपल्यावर ऑफिसातला एक जण हसत म्हणाला, लेबर म्हणजे लिव्हर, पण इकडे बव्हेरियात यात लिव्हरही नसतं आणि चीजही नसतं. मग असतं काय, ते मी विचारलंच नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

ऱ्हाइनकाठची:
अहो वरणभात, तुम्ही कोलोनला यायला हवं होतं. "हाल्व्हर हान", शब्दशः अर्धा कोंबडा. मागवा, येतो राय नावाच्या धान्याचा पाव, चीजचा जाडसर काप, मोहरी, कांदा. टपरीवर नाही मिळत, ब्रुअरीत बसून खायचं. आमचे सासरे कोंबडीची वाट बघत बसले होते.

वरणभात:
नाव कोंबड्याचं असेल तर आई तेही नाही चालवून घेणार.

बांगडाप्रेमी:
हॅम्बुर्ग, रविवारचा फिशमार्क्ट. उन्हाळ्यात पहाटे ५ ला सुरू, साडेनऊला खलास. रात्रभर नाचून आलेली पोरं आणि झोपेतून उठून आलेले आम्ही, एकाच रांगेत. माट्येस घेतला. हेरिंग खारवलेला, शिजवलेला नाही, वर कच्चा कांदा, कडक पाव. मासा लोण्यासारखा मऊ. सुका बांगडा खाऊन वाढलेल्याला काय भीती! ह्यांनी फोटोसाठी पाव उंच धरला आणि सीगलने नेला. फोटो आहे माझ्याकडे: एक हात, एक कागद.

किसणीवाली:
@बांगडाप्रेमी 😂😂 थालीपीठ करपलं तुमच्यामुळे

पाहुणा_१२:
बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकात अंगावर शेगडी बांधून फिरणारे कुणी पाहिलेत का? पाठीला गॅसचा सिलिंडर, डोक्यावर छत्री, पोटापुढे सॉसेज भाजतायत. एवढं ओझं घेऊन दिवसभर उभं राहायचं. मी खाल्लं कमी, बघत जास्त राहिलो.

नाशिकची_मावशी:
विषयाला सोडून, पण लेक ऑक्टोबरात न्यूरेंबर्गला चाललीय. साबुदाणा मिळतो का तिकडे?

ऱ्हाइनकाठची:
मावशी, भारतीय नाहीतर आशियाई दुकानात बघायला सांगा. घेताना नीट बघायचं, टॅपिओका पर्ल येतात ते निराळे, खिचडीचा लगदा होतो. आणि तिथे गेलीच आहे तर "द्राय इम वेगला" खाऊ दे, बोटाएवढी तीन सॉसेजं एका पावात. मार्जोरम नावाच्या पाल्याचा वास येतो.

नाशिकची_मावशी:
ती अंडंसुद्धा खात नाही गं. साबुदाणा इथूनच देते, दोन किलो बसेल.

दादरची_मी:
ख्रिसमस बाजारातले ग्लूवाइनचे, म्हणजे गरम मसालेदार वाइनचे, मग कुणी परत केले? आम्ही डिपॉझिट सोडलं आणि आमचा मग घरी आणला. सध्या त्यात टूथब्रश असतात.

बंड्या_बर्लिनकर:
आमच्याकडे चार आहेत. एकात सुट्टे पैसे, बाकीचे सासूबाईंनी विरजणाला घेतले.