सोडियमच्या दिव्यात पिवळ्या जागीच काळी रेघ का? मदत हवी आहे

डीव्हीडीचा तुकडा आणि खोका वापरून वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन) बनवलाय. निऑनच्या पाटीत तांबड्या-केशरी रेषांची गर्दी सुरेख दिसते. पण रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याने कोड्यात टाकलंय. 589 नॅनोमीटर तरंगलांबीपाशी, म्हणजे पिवळ्या रंगाच्या जागी, झगझगीत पिवळी रेघ हवी, तर तिथे काळी फट आणि दोन्ही बाजूंना रुंद उजेड! दिवा नुकता लागतो तेव्हा मात्र तिथेच उजळ रेघ असते. तापल्यावर ती काळवंडते. माझा अंदाज: नळीच्या भिंतीलगतची थंड सोडियम वाफ आतला प्रकाश गिळते. बरोबर आहे का? आणि तापलेल्या दिव्यात वाफेचा दाब वाढल्यावर बाजूचा उजेड इतका का पसरतो? नववीच्या मुलांना समजेल असं कुणी सांगाल का? सूत्रं नकोत, प्लीज.