बॉक्सिंगमध्ये रेफरी फाऊलबद्दल केव्हा नुसते समजावतो आणि केव्हा गुण कापतो?

प्रश्न – नवा_प्रेक्षक
काही दिवसांपासून मी जुन्या व्यावसायिक लढती पाहत आहे. एकाच प्रकारच्या फाऊलसाठी रेफरी एखाद्या वेळी केवळ तोंडी समज देतो, तर दुसऱ्या लढतीत थेट गुण कापतो. २८ जून १९९७ रोजी लास वेगासमध्ये टायसनने तिसऱ्या फेरीत होलिफील्डचा कान चावला, तेव्हा रेफरी मिल्स लेन यांनी प्रथम दोन गुण कापून लढत पुढे चालू ठेवली आणि दुसऱ्या चाव्यानंतरच टायसनला अपात्र ठरवले. दुसऱ्या फेरीत होलिफील्डचे डोके लागून टायसनच्या डोळ्यावर जखम झाली होती. ती धडक मात्र अपघाती मानली गेली. या निर्णयांमागे काही ठरलेला नियम असतो, की सारे काही रेफरीच्या मर्जीवर असते?

उत्तर – दोरीपलीकडे
नियम आहेत, मात्र फाऊल हेतुपुरस्सर होता की अपघाती, हे रेफरीलाच ठरवावे लागते आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील एकत्रित नियमांप्रमाणे डोक्यांची धडक अपघाती असेल आणि जखमेमुळे चार फेऱ्या पूर्ण होण्यापूर्वीच लढत थांबवावी लागली, तर ती निकालाविना संपते. त्यानंतर थांबवावी लागली, तर तोवरच्या गुणांवर विजेता ठरतो. धडक मुद्दाम दिलेली असेल आणि जखमी खेळाडू पुढे खेळू शकत असेल, तर दोन गुण कापणे बंधनकारक आहे. त्याच जखमेमुळे पुढे लढत थांबली, तर गुणांत आघाडीवर असलेला जखमी खेळाडू जिंकतो आणि तो बरोबरीत किंवा मागे असेल तर लढत बरोबरीत सुटते. म्हणूनच, डोके खाली घालून आत घुसण्याची सवय असलेल्या खेळाडूची, प्रत्येक धडक रेफरीला अपघाती वाटावी, अशीच इच्छा असते, आणि माझ्या मते रेफरी या बाबतीत फारच उदार असतात.

उत्तर – तिसरी_घंटा
कमरेखालच्या ठोशांबाबत इतकी उदारता चालत नाही, कारण ते सर्वांना दिसतात. अशा अजाणता बसलेल्या ठोशानंतर सावरण्यासाठी जास्तीत जास्त पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात उभे राहता आले नाही, तर मार खाणाराच हरतो. (हे अनेकांना अन्यायाचे वाटते, पण तसे नसते, तर हरत आलेल्या प्रत्येकाने पोट धरून लोळण घेतली असती.) जुलै १९९६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गोलोटा रिडिक बो याच्याविरुद्ध गुणांत आघाडीवर होता, गुण कापले जाऊनही तो कमरेखाली मारत राहिला आणि सातव्या फेरीत अपात्र ठरला. डिसेंबरमधील दुसऱ्या लढतीतही तो पुढेच होता आणि नवव्या फेरीत त्याच कारणाने पुन्हा हरला. जिंकत असलेल्या माणसाने असे का करावे, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

खरी लबाडी जवळच्या झटापटीत चालते. मिठी मारताना प्रतिस्पर्ध्याचा एक हात काखेत दाबून ठेवायचा आणि मोकळ्या हाताने मानेच्या मागे मारायचे, खांद्याने हनुवटी वर ढकलायची, रेफरी दुसऱ्या बाजूला असताना कोपर लावायचे, असे प्रकार गुण क्वचितच गमावू देतात आणि दमवतात मात्र खूप. चांगला रेफरी सतत फिरत राहतो तो यासाठीच.

उत्तर – दोरीपलीकडे
एक भर घालतो. सर्वांत घातक फाऊल रिंगमध्ये दिसलाच नव्हता. १९८३ च्या जूनमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच लुईस रेस्टोने तोवर अजिंक्य असलेल्या बिली कॉलिन्स ज्युनियरला हरवले. लढतीनंतर हात मिळवताना कॉलिन्सच्या वडिलांच्या हाताला रेस्टोचा ग्लोव्ह पातळ लागला. आतले भरण काढून टाकलेले होते. निकाल रद्द झाला, रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस दोघांनाही तुरुंगवास झाला; पण कॉलिन्सची दृष्टी कायमची अधू झाली होती आणि तो पुन्हा लढू शकला नाही.

नवा_प्रेक्षक
आभारी आहे. मग २०११ मध्ये ऑर्टिझ माफी मागत असताना मेवेदरने मारलेले ठोसे फाऊल का ठरले नाहीत?

उत्तर – तिसरी_घंटा
चौथ्या फेरीत मुद्दाम डोके मारल्याबद्दल ऑर्टिझचा गुण कापून रेफरीने लढत पुन्हा सुरू केली होती. स्वतःचे रक्षण सदैव करण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते आणि ऑर्टिझचे हात खाली होते. खिलाडूवृत्तीच्या दृष्टीने ते मला खटकते. नियमाच्या दृष्टीने मात्र त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते.